टेलिफोनचा कान आणि पाऱ्याचा थेंब : रसायनाच्या विद्यार्थ्याला वीज मोजायला कसे शिकवले गेले?

साल १९१८. पहिले महायुद्ध अखेरच्या टप्प्यात आले होते आणि प्राग शहर अजून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. तेथील चेक विद्यापीठात एका उमेदवाराची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा चालू होती. उमेदवार सत्तावीस वर्षांचा. युद्धामुळे त्याचे लंडनमधील शिक्षण अर्धवट राहिले होते आणि मधली वर्षे त्याने लष्करी रुग्णालयात औषधे तयार करण्यात व क्ष-किरण यंत्र चालवण्यात घालवली होती. त्याचे नाव यारोस्लाव हेयरोव्हस्की. समोर बसलेले परीक्षक बोहुमिल कुचेरा हे पदार्थवैज्ञानिक होते. त्यांनी जो विषय काढला तो पाठ्यपुस्तकात उत्तर सापडेल असा नव्हता. स्वतः कुचेरांनाच पंधरा वर्षे न सुटलेले ते कोडे होते.

कोडे असे. बारीक केशनलिकेतून पारा द्रावणात थेंबाथेंबाने सोडला आणि त्याला विद्युत विभव दिला, तर पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो आणि त्याबरोबर थेंबाचे वजनही बदलते. फ्रेंच वैज्ञानिक गाब्रिएल लिपमन यांनी १८७०च्या दशकात हा बदल केशनलिकेतील पाऱ्याची पातळी पाहून मोजला होता. त्यांचा आलेख एखाद्या टेकडीसारखा गुळगुळीत होता. कुचेरांनी १९०३ मध्ये पडणारे थेंब तोलून तीच गोष्ट मोजली आणि काही द्रावणांत त्या टेकडीवर अनपेक्षित उंचवटे दिसले. दोन्ही पद्धती बरोबर असतील तर आलेख वेगळे का?

परीक्षा संपली. उमेदवार उत्तीर्ण झाला, आणि कुचेरांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत येण्याचे निमंत्रण दिले.

या प्रसंगाचा शेवट नोबेल पारितोषिकात झाला, म्हणून तो पुनःपुन्हा सांगितला जातो. परंतु त्यातील एक गोष्ट सहसा निसटते. द्रावणातली वीज मोजणे हे त्या काळी यंत्राचे नव्हे, माणसाच्या हाताचे, डोळ्याचे आणि कानाचे काम होते, आणि ते एका पिढीने दुसऱ्या पिढीला शेजारी उभे राहून शिकवावे लागे. ही शिकवण्याची परंपरा नसती तर कुचेरांचा प्रश्न समोरच्या माणसाला कळलाही नसता.

तिचे एक टोक जर्मनीतील गॉटिंगेनमध्ये आहे. फ्रीडरिश कोलराउश हे तरुण प्राध्यापक तेथे विद्यार्थ्यांकडून पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिके करून घेत. त्या अनुभवातून १८७० मध्ये त्यांनी प्रात्यक्षिकांचे एक छोटे मार्गदर्शक पुस्तक काढले. पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या. पुस्तकाची सुरुवात कोणत्याही उपकरणाने होत नाही, ती होते निरीक्षणातील चुकांच्या विचाराने. विद्यार्थ्याने आधी आपले मोजमाप किती चुकू शकते हे शिकावे आणि मग मोजावे, असा तो क्रम होता. आजही पुष्कळ प्रात्यक्षिक-वह्यांत हा क्रम उलटा असतो.

कोलराउश यांच्यापुढची अडचण मोठी नाजूक होती. मिठाच्या पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजायचे, तर त्यातून वीज सोडावी लागणार. पण एकाच दिशेने वीज सोडली की प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर वायू जमू लागतो, द्रावण बदलू लागते, आणि जे मोजायचे तेच मोजता मोजता हातातून निसटते. कोलराउश यांनी धारेची दिशाच सतत पालटत ठेवली. एका दिशेने जे घडते ते दुसऱ्या क्षणी उलट दिशेने पुसले जाते, त्यामुळे द्रावण जसेच्या तसे राहते. प्लॅटिनमवर प्लॅटिनमचाच काळा, सच्छिद्र थर चढवून त्यांनी पट्ट्यांचा पृष्ठभागही वाढवला.

मात्र दिशा पालटणारी धारा साध्या गॅल्व्हानोमीटरला समजत नाही. त्याची सुई जागच्या जागी थरथरते. येथे कोलराउश यांनी जी युक्ती केली ती विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या कानात राहिली. टेलिफोनचा शोध लागून चारच वर्षे झाली होती. १८८०च्या सुमारास त्यांनी व्हीटस्टन सेतूच्या मध्यभागी गॅल्व्हानोमीटरऐवजी टेलिफोनचा श्रवणभाग जोडला. विद्यार्थी तो कानाला लावी. प्रेरण-वेटोळ्याची गुणगुण ऐकू येई. मग तारेवरील सरकता खटका तो हळूहळू सरकवत जाई. गुणगुण मंदावत मंदावत अगदी क्षीण होई आणि खटका पुढे गेला की पुन्हा वाढू लागे. जेथे आवाज सर्वांत कमी, तेथे सेतू संतुलित, आणि तेथील मापावरून द्रावणाचा रोध. त्या खोलीत एकाच वेळी पाच-सहा विद्यार्थी मोजमाप करत असतील तर काय गोंधळ होत असेल, याची कल्पना करावी.

१८८७ मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड लाइपझिगला प्राध्यापक झाले आणि या साधनाला शाळा मिळाली. स्वान्ते आऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाचा प्रबंध उप्साला विद्यापीठाने १८८४ मध्ये हलक्या श्रेणीत कसाबसा स्वीकारला होता. क्षार पाण्यात विरघळताच त्यांचे आयन सुटे होतात, ही त्याची पुढे पूर्णत्वाला गेलेली कल्पना ओस्टवाल्ड यांनी उचलून धरली होती. आता ती पटवायची कशी? वाद घालून नव्हे, विद्यार्थ्यांना मोजायला लावून. एकामागून एक आम्ले पातळ करत जा, प्रत्येक वेळी टेलिफोन कानाला लावा, संवाहकता काढा. ॲसिटिक आम्ल कितीही पातळ केले तरी एक गुणोत्तर जवळजवळ स्थिर राहते, सुमारे ०.००००१८. ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये मांडलेला विरलन-नियम तो हाच. महाराष्ट्रातील बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आजही दुर्बल आम्लाचा स्थिरांक संवाहकतामापकावर काढला जातो. कानाची जागा आकड्यांच्या पडद्याने घेतली आहे, एवढाच फरक.

१८९३ मध्ये ओस्टवाल्ड यांनी भौतिक-रासायनिक मोजमापांचे हस्तपुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य जेम्स वॉकर यांनी ते इंग्रजीत आणले. त्यात विद्युत मोजमापांबरोबर वजन, लांबी, तापमान यांचे मोजमाप आणि काच फुंकण्याची माहितीही आहे. याचे आज नवल वाटेल. पण जो विद्यार्थी उपकरण स्वतः घडवतो, त्याला ते कुठे फसवू शकते हेही ठाऊक असते. लाइपझिगहून हे शिक्षण घेऊन अमेरिकन, ब्रिटिश, रशियन, जपानी तरुण आपापल्या देशी परतले आणि प्रत्येकाने तेथे तशीच प्रयोगशाळा उभारण्याचा प्रयत्न केला.

त्यांतलेच एक फ्रेडरिक डॉनन. कोलंबोत जन्मलेले हे आयरिश रसायनशास्त्रज्ञ १९१३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. त्यांच्या प्रयोगशाळेशी भारताचाही जवळचा संबंध आहे. महायुद्ध संपल्यावर ज्ञानचंद्र घोष आणि ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी हे दोघे कलकत्त्याहून तेथे गेले. त्यांपैकी घोष यांनी तीव्र अपघटनींच्या संवाहकतेवरील आपले गाजलेले काम १९१८ मध्ये, लंडनला जाण्यापूर्वीच प्रसिद्ध केले होते. शांतिस्वरूप भटनागर यांनी १९२१ मध्ये डॉननकडेच डी.एस्सी. मिळवली. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद उभी राहिली आणि तिची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये पुण्यात सुरू झाली.

परंतु या तिघांच्याही आधी डॉननपाशी एक चेक विद्यार्थी आला होता. प्रागमधील रोमन कायद्याच्या प्राध्यापकाचा हा मुलगा १९१० पासून लंडनमध्ये शिकत होता. डॉनन यांनी त्याला ॲल्युमिनियमचा विद्युत विभव मोजायला सांगितले. काम साधे दिसते, पण ॲल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा थर चढतो, द्रावणात हायड्रोजनचे बुडबुडे येतात, आणि आकडा स्थिर राहतच नाही. तेव्हा डॉनन यांनी सुचवले की, ॲल्युमिनियमचा पारदमेल करून तो केशनलिकेतून सावकाश वाहू द्यावा. म्हणजे पृष्ठभाग मळायच्या आत नवा येत राहील. १९१४ च्या उन्हाळ्यात हा विद्यार्थी सुटीसाठी घरी गेला, युद्ध पेटले, आणि लंडनचा रस्ता बंद झाला. हाच हेयरोव्हस्की.

म्हणजे १९१८ च्या परीक्षेत कुचेरांनी पाऱ्याच्या थेंबाचा विषय काढला तेव्हा समोर बसलेल्या माणसाच्या बोटांना ती केशनलिका आधीच परिचित होती.

पुढची वर्षे थेंब तोलण्यात गेली. विभव ठरवायचा, ठरावीक थेंब पडू द्यायचे, ते गोळा करून धुवायचे, वाळवायचे, तराजूत तोलायचे. मग विभव किंचित वाढवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. आलेखावरचा एक बिंदू म्हणजे असा एक फेरा. १९२१ मध्ये कुचेरा वारले. कोडे तसेच होते. अखेर हेयरोव्हस्कींनी वेगळा विचार केला : थेंबाचे वजन हे फार आडवळणाचे माप आहे, थेंबातून जाणारी धाराच का मोजू नये? १० फेब्रुवारी १९२२ रोजी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पाऱ्याचे थेंब पडत होते आणि ते संवेदनशील गॅल्व्हानोमीटरवर धारा पाहत होते. प्रत्येक थेंबागणिक प्रकाशाचा ठिपका पुढे-मागे डोलत होता. विभव वाढवत नेला तशी धारा सारखी न वाढता एका जागी पायरी चढल्यासारखी वर गेली.

त्या पायरीत दोन उत्तरे होती. पायरी कोणत्या विभवाला येते यावरून द्रावणात कोणता पदार्थ आहे ते कळते, आणि ती किती उंच आहे यावरून तो किती आहे ते कळते. शोध प्रथम चेक भाषेतील रसायनाच्या नियतकालिकात छापला गेला. साम्राज्य कोसळून जेमतेम चार वर्षे झालेल्या नव्या देशाच्या विज्ञानाने आपल्या भाषेत बोलणे याला तेव्हा अर्थ होता. पण तो वाचणार कोण, हा प्रश्नही होता. १९२९ मध्ये हेयरोव्हस्की आणि एमिल व्होतोचेक यांनी चेकोस्लोव्हाक संशोधन इंग्रजीत व फ्रेंचमध्ये देणारे स्वतंत्र नियतकालिक सुरू केले, त्यामागे हीच जाणीव दिसते.

हाताने एक आलेख काढायला तासभर किंवा अधिक लागे. मासुझो शिकाता हे जपानी कृषिरसायनशास्त्रज्ञ त्या वेळी प्रागमध्ये होते. गुरू-शिष्यांनी मिळून १९२४ मध्ये जे यंत्र जुळवले त्यात एका दंडगोलावर गुंडाळलेली रोधतार फिरत फिरत विभव वाढवी, तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या दंडगोलावर छायाचित्रणाचा कागद फिरे, आणि गॅल्व्हानोमीटरच्या आरशावरून आलेला प्रकाश त्या कागदावर आलेख रेखाटी. तासाचे काम मिनिटांवर आले. नाव ठेवले पोलॅरोग्राफ. रासायनिक विश्लेषणात आपला आलेख आपणच काढणारे हे अगदी पहिल्या यंत्रांपैकी एक. तार गुंडाळलेला तो फिरता दंडगोल कोलराउश यांच्या नावाने ओळखला जाई. ज्या तारेवर विद्यार्थी कान लावून खटका सरकवत असत, ती आता स्वतःच फिरू लागली होती.

मग विद्यार्थ्याने करायचे काय?

शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा खरा पेच होता. यंत्र आलेख देते, आणि छापील आलेखावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. सुदैवाने पाऱ्याचा थेंब फार काळ कोणाला निष्काळजी राहू देत नसे. द्रावणातील हवा काढून टाकली नाही, तर ऑक्सिजनच्याच पायऱ्या आलेखावर उमटत. म्हणून आधी नायट्रोजन किंवा हायड्रोजन बुडबुडवत बसायचे. काही द्रावणांत पायरीच्या टोकाला खोटे शिखर उभे राही, ते बसवायला चिमूटभर जिलेटिन घालायचे. केशनलिकेच्या टोकाला घाण अडकली की थेंबांची लय बिघडे, आणि ती बिघडलेली लय आलेखावर करवतीच्या वाकड्या दातांसारखी सरळ दिसे. यंत्राने आलेख काढला तरी प्रत्येक थेंबाची नोंद त्यात राही. पाहणाऱ्याला ती वाचता आली पाहिजे, इतकेच.

आणि १९३४ मध्ये एक गमतीची गोष्ट झाली. हेयरोव्हस्कींचे स्लोव्हाक सहकारी दियोनीझ इल्कोविच यांनी पायरीची उंची नेमकी कशावर ठरते याचे समीकरण मांडले. त्यात द्रावणाची संहती आहे, पदार्थाच्या विसरणाचा वेग आहे, आणि त्यांच्याबरोबर केशनलिकेतून दर सेकंदाला किती पारा वाहतो व एक थेंब किती वेळ टिकतो, हेही आहे. ही शेवटची दोन मापे कोणत्याही तक्त्यात मिळत नाहीत, कारण प्रत्येक केशनलिका वेगळी. ती विद्यार्थ्यालाच काढावी लागत. एका हातात थांबघड्याळ, समोर पडणारे थेंब. मग ते गोळा करायचे, धुवायचे, वाळवायचे आणि तोलायचे. कुचेरांचा तराजू यंत्राने दारातून बाहेर काढला होता, समीकरणाने तो खिडकीतून परत आणला. पोलॅरोग्राफी शिकलेल्या पिढ्यांना समीकरणातले चिन्ह आणि बशीतला पारा एकच आहेत हे सांगावे लागले नसावे.

हे शिक्षण प्रागमध्येच एकदा खंडित झाले. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी चेक विद्यापीठे बंद केली, नऊ जणांना ठार मारले आणि बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांना छळछावणीत पाठवले. वर्ग, प्रात्यक्षिके, परीक्षा सारे थांबले, ते युद्ध संपेपर्यंत. हेयरोव्हस्कींना आपल्या प्रयोगशाळेत काम करता आले ते योहान ब्योम या जर्मन विद्यापीठातील नाझीविरोधी प्राध्यापकामुळे. शिकवायला विद्यार्थी नव्हते. त्या काळात त्यांनी पोलॅरोग्राफीवरचा ग्रंथ पूर्ण केला. तो १९४१ मध्ये व्हिएन्नात जर्मन भाषेत छापला गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कोल्टहॉफ आणि लिंगेन यांचा याच विषयावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. युद्धाच्या दोन बाजूंना, एकाच वर्षी, एकाच थेंबावर दोन पुस्तके.

१० डिसेंबर १९५९ रोजी हेयरोव्हस्कींना रसायनाचे नोबेल पारितोषिक मिळाले, पहिल्या आलेखानंतर सदतीस वर्षांनी. तोवर जगभरच्या विश्लेषण-प्रयोगशाळांत पोलॅरोग्राफ पोहोचला होता.

पुढे तो थेंबच दुर्मिळ झाला. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेने १९५६ पासून जे उघड होत गेले, त्यानंतर उघड्या बशीत पारा ठेवून प्रात्यक्षिक घेणे कोणत्याही शिक्षकाला निर्धास्तपणे शक्य नव्हते. मिनामाताचेच नाव असलेला आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला. शिक्षणाच्या दृष्टीने नुकसान झाले हे खरे. पण ज्यांच्या आरोग्याची ती किंमत होती, त्यांच्याकडे पाहता तक्रारीला जागा राहत नाही.

पाऱ्याची जागा घन पृष्ठभागांनी घेतली. विभव आपोआप स्थिर राखणारे पोटेन्शिओस्टॅट हे साधन आर्ची हिकलिंग यांनी १९४२ मध्ये मांडले. १९४८ मध्ये इंग्लंडात रँडल्स आणि प्रागमध्ये शेव्हचिक यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सरकत्या विभवाखाली मिळणाऱ्या शिखराचे गणित सोडवले. १९६४ मध्ये निकोल्सन आणि शेन यांनी त्याला पक्का पाया दिला. विभव पुढे न्यायचा आणि त्याच वाटेने मागे आणायचा, या पद्धतीचे नाव चक्रीय व्होल्टॅमेट्री. १९८३ मध्ये अमेरिकेच्या रसायन-शिक्षणविषयक नियतकालिकाने या विषयावर लेखांचा संचच छापला. त्यातून पोटॅशियम फेरिसायनाइडचा प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळांत रूढ झाला. २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात नवशिक्यांसाठीची सविस्तर मार्गदर्शिका आली. जगभरचे विद्यार्थी आज बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करतात.

घन पृष्ठभाग मात्र स्वतःहून नवा होत नाही. लंडनमध्ये ॲल्युमिनियमने तरुण हेयरोव्हस्कींना छळले होते तीच अडचण येथे पुन्हा उभी राहते. फेरिसायनाइडच्या आलेखात दोन शिखरे येतात, एक जाताना आणि एक येताना, आणि २५ अंश सेल्सियसला त्यांच्यात सुमारे ५९ मिलिव्होल्टचे अंतर असायला हवे. विद्यार्थ्याच्या पडद्यावर ते पहिल्या खेपेस १४० येते. संगणक चुकलेला नसतो. कार्बनच्या बारीक चकतीवर कालच्या विद्यार्थ्याने काहीतरी ठेवून दिलेले असते. तेव्हा ओल्या ॲल्युमिनाच्या पांढऱ्या लगद्यात, मऊ कापडावर, ती चकती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घासत बसायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि पुन्हा मोजायचे. ११० येते. पुन्हा घासायचे. ८२. पुन्हा.